मासंगे, सोळा नंबर

नाव त्याचं मा सांग-ग्युल.
यार्डातल्या पोरांनी त्याचं मासंगे केलं,
जसा काही तो अंकलीचा, नाहीतर म्हैसाळचा.
मीही दुरुस्त केलं नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझा गुडघा
मिशन हॉस्पिटलात, उशीवर, टाके घातलेला.
टीव्हीवर समुद्राकाठचं कुठलंसं पोलादाचं गाव,
धुकं, आणि मधोमध एक बारका पोरगा,
चेंडू यायच्या आधी दोनदा मान वळवून मागं बघणारा.
बाबालाल म्हणाला, "बघ, तुझ्यासारखाच हाफ."
म्हटलं, मी एकदाच बघायचो.
म्हणून तर हा गुडघा.

तेव्हापासून चौदा वर्षं मी त्याला वहीत धरलं.
केबिनची जुनी वही: पुढून गाड्या, मागून मासंगे.
पोलादवाल्यांकडं सहा हंगाम,
सामने एकशे एकोणऐंशी, गोल चार.
मग सक्तीचं लष्कर. फौजेच्या संघात एकवीस महिने,
शिपायाच्या पगारावर.
तिथं गोल केला की कडक सलाम ठोकायचा असतो.
त्यानं एकही केला नाही.
एकवीस महिने हात खालीच.

मग जर्मनी, दुसरी डिव्हिजन.
सामने आमच्या मध्यरात्री.
कल्लव्वा पांघरुणातून विचारायची,
"ह्यो गोल कधी करतोय?"
"त्यो करायला लावतोय."
"म्हंजे तुमच्यासारखाच. गाडी दुसऱ्याची पळती."

खोटं नव्हतं.
मी पुण्याची गाडी पुण्याला लावली,
बेळगावची बेळगावला.
मीटर गेज गेली, नॅरो गेज गेली,
तळहाताला घट्टे पाडणारे लिव्हर गेले, बटणं आली.
सगळे मिरजेवरनं कुठंतरी गेले.
जंक्शन तेवढं जाग्यावर.

देशासाठी एकेचाळीस.
त्यातले तेवीस बाकावरून उठून.
गोल एक, तोही पाठीला लागून आत गेलेला;
त्यानं वळून पाहिलं तेव्हा लोक त्याला मिठ्या मारत होते.
एका वर्ल्ड कपला गेला.
पिवळं बंडी घालून, पाण्याची बाटली मांडीवर धरून
तीन सामने बसला. मीही इथं बसलो.
आणि आशियाच्या त्या उपांत्य सामन्यात ती पेनल्टी.
तिथं वहीत एक ओळ कोरी आहे.
शाई होती. लिहिलं नाही.

शेवटचा सामना मी साप्ताहिक सुट्टीला पाहिला,
रेल्वे ग्राउंडच्या पायरीवर, फोन शर्टाच्या सावलीत धरून.
तिथले रात्रीचे आठ, इथं दुपारचे साडेचार.
सव्वासहाच्या सुमाराला त्याला उतरवलं. सात मिनिटं.
केस मागून विरळ झालेले.
त्यानं दोनदा मागं बघितलं
आणि तेवढ्यात फोनवर गोल गोल फिरायला लागलं.
कोल्हापूरची पॅसेंजर शिट्टी मारत गेली.
चित्र आलं तेव्हा चेंडू जाळ्यात,
आणि निवेदक कुणा तिसऱ्याचंच नाव
चार वेळा ओरडत होता.

पास त्याचाच असणार.
मी पाहिला नाही, पण मला ठाऊक आहे
तो कुठून निघाला असेल:
जिथं कुणीच नव्हतं, आणि अर्ध्या सेकंदानं कुणीतरी असणार होतं.
रेकॉर्डात त्याच्यापुढं तेव्हाही शून्यच आलं.
मी पेन्सिलनं एक केला. मग खोडला.
मग परत केला.

ही सातवी वही. शेवटचीच.
पुढून गाड्या आल्या, मागून मासंगे आला,
आणि मधोमध दोन पानं शिल्लक राहिली,
कुणाचीच नसलेली.
मी ती तशीच ठेवणार होतो.
परवा बघतो तर कल्लव्वानं तिथं
दुधाचा हिशेब मांडलेला:
मंगळवारी अर्धा लिटर जास्त,
बुधवारी खाडा.